विहिरीचा खोकला

दुपारची जेवणं उरकली आहेत. मार्थाबाई पाटोळे लेकीच्या घरातल्या मधल्या खोलीत जरा आडव्या झाल्या आहेत. श्रीरामपूरचा मे महिना. खिडकीतला कूलर घरघरतो आहे आणि ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला आहे. डोळे मिटलेले आहेत, पण झोप अजून आलेली नाही. हातापायांचं वजन तेवढं हळूहळू उतरत चाललं आहे.

पलीकडच्या खोलीत त्यांची मुलगी रिबेका शाळेचे पेपर तपासते आहे. पान उलटल्याचा आवाज येतो. मार्थाबाईंना वाटतं, कुणीतरी माइकच्या फार जवळ पान उलटलं. असं करू नये. पान आधी सुटं करून घ्यावं, आणि वाचून झालं की अलगद खाली सोडून द्यावं. नवीन कलाकार दिसतोय कुणीतरी.

मग कूलरचा आवाज बंद पडतो आणि त्याच्या जागी ती शांतता येते.

ही शांतता त्यांच्या ओळखीची आहे. भोकाभोकांचे पुठ्ठे ठोकलेल्या भिंती, जाड गालिचा, एकामागे एक दोन दारं. त्या खोलीत गेलं की आपल्याच कानातलं रक्त वाहिलेलं ऐकू यायचं. मार्थाबाई डोळे उघडत नाहीत. अंगाखाली सुंभाची बाज आहे हे पाठीलाच कळलं आहे. कुशीवर वळलं की ती कुरकुरते. कुरकुरायलाच तिला तिथे ठेवलेली आहे.

रेडिओच्या स्टुडिओत बाज कशाला, असं कुणीही विचारील. ती शांतवनरावांनी आणवून घेतली होती.

शांतवन पाटोळे म्हणजे मार्थाबाईंचे यजमान. रोज मिशनच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, आणि महिन्यातून एकदोनदा सुट्टी काढून जिल्ह्याच्या गावी रेडिओ केंद्रावर जायचे. तिथे गेले की त्यांचा तात्या झोपमोडे व्हायचा. रविवारी रात्री, बातम्या आणि शास्त्रीय गाणी वगैरे सगळं आटोपल्यावर, ‘उशाशी गोष्ट’ नावाचं नभोनाट्य लागायचं. नाट्य कसलं, एकटा माणूस बोलत सुटायचा. तात्या झोपमोडेला झोप येत नाही, म्हणून तो शेजारच्या बाजेवर पडलेल्या बायकोला हलवून उठवतो आणि दिवसभरात आपल्यावर काय गुदरलं ते सांगतो, एवढाच मामला. पण गुदरायचं ते असलं, की ऐकणाऱ्यानं कपाळाला हात लावावा. एकदा तात्याची डावी चप्पल मनमाडला उतरली आणि उजवी तशीच पुढे भुसावळला गेली, त्यामुळे त्याला दोन गावांत संसार मांडावा लागला. एकदा एका म्हशीची चुकून मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक झाली, आणि त्या वर्षी शाळेचा निकाल इतका चांगला लागला की तिची बदली करायला कुणी धजेना. एकदा तात्याच्या मिशीनं वेगळं राहायचं ठरवलं, आणि दोन्ही टोकांना वाटणी करून द्यावी लागली.

शांतवनराव हे सगळं सातबारा वाचून दाखवल्यासारखं गंभीरपणे सांगायचे. स्वतः कधी हसले नाहीत. कारखान्यातले रातपाळीचे कामगार, दवाखान्यातल्या नर्सबाया, वयामुळे झोप उडालेली माणसं, सगळी ट्रान्झिस्टर उशाखाली घालून ऐकायची आणि घरातलं कुणी जागं होऊ नये म्हणून तोंडात पांघरूण कोंबून हसायची.

आणि गोष्ट म्हटली की हुंकार आलाच. तात्याच्या बायकोला सबंध नाटकात एकच शब्द होता, “हं.” सुरुवातीला केंद्रानं त्यासाठी नाटकातल्या एक बाई दिल्या होत्या. त्या असं गोड “हं” म्हणायच्या, की बाई गजरा माळून बसल्यात असं वाटावं. शांतवनराव साहेबांना म्हणाले, “या बाई जाग्या आहेत. मला दिवसभर राबून आडवी झालेली बाई पाहिजे. माझ्या घरी आहे एक.” पुढच्या खेपेला मार्थाबाई गेल्या, आणि त्यांच्यामागून टेम्पोत घालून बाज गेली. मग वर्षानुवर्षं त्या भर दुपारी त्या बंद खोलीत पडून, रात्र झाली आहे असं समजून, “हं” म्हणत राहिल्या. झोपेतलं हं, संशयाचं हं, पुरे-करा-आता हं, आणि गोष्टीत मन अडकलं की श्वास धरून म्हटलेलं ते एक हं. बाजारात बायका एकमेकींना कोपर मारायच्या, “त्या बघ, हं-वाल्या बाई.”

शांतवनरावांना जाऊन आता तिसरं वर्ष लागलं आहे.

आधी बाहेरचं दार वाजतं, मग आतलं. मार्थाबाई डोळे उघडतात. शांतवनराव आत येतात, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोटांना छापखान्याची शाई. चांगले भरलेले दिसतात, आजारपणाआधी होते तसे. फक्त गळ्याभोवती मफलर आहे.

“आलात?” मार्थाबाई विचारतात.

ते मान हलवतात.

“जेवलात?”

पुन्हा मान.

“आणि या उन्हात मफलर कशाला?”

विचारून झाल्यावर त्यांना आठवतं, कशाला ते.

शांतवनरावांच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. जीव वाचला, वर्ष-दीड वर्ष मिळालं. पण त्या काळात त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. काही हवं असलं की टाळी वाजवायचे. रागावले की दोनदा. रिबेकानं त्यांना हातवारे शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचं ठरवलं, तर मानेनंच नको म्हणाले. खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत राहायचे, मफलर गुंडाळून, आणि मार्थाबाई त्यांच्या ओठांकडे बघत राहायच्या. ओठ कधी हललेच नाहीत. मनातल्या मनातसुद्धा त्यांनी गोष्ट सांगणं सोडून दिलं होतं की काय, कोण जाणे.

ते गेल्यावर रिबेका आईला घेऊन केंद्रावर गेली होती. तिथले साहेब भला माणूस. चहा पाजला, कपाटं उघडून दाखवली. पण त्या काळी टेपा थोड्या, त्यामुळे जुनं पुसून त्यावर नवं भरायची सगळीकडेच रीत होती. तात्या झोपमोडे कधीच पुसला गेला होता.  त्यानंतर मार्थाबाई एकूणच कमी बोलू लागल्या. लेकीला वाटायचं, आईला बाबांची आठवण येते. खरं उलटं होतं, आणि ते सांगायची त्यांना भीती वाटत होती. चप्पल आठवायची, म्हैस आठवायची, शब्द न् शब्द आठवायचा, पण ते शब्द त्यांच्या स्वतःच्याच आवाजात ऐकू यायचे. नवऱ्याचा आवाज कसा होता, तो जाड होता की घोगरा, कुठे चढायचा, कुठे उतरायचा, यातलं काहीच उरलं नव्हतं. फोटो होते, शर्ट होते. आवाज गेला होता. माणूस दोनदा गेला होता.

आणि आता ते माइकसमोर खुर्ची ओढून बसले आहेत. हातात कागद नाही.  आता बोलतील. स्टुडिओत आलेत म्हणजे बोलायलाच आलेत.

दारावरचा लाल दिवा लागतो.

शांतवनराव तोंड उघडतात. काही येत नाही. ओठ हलतात, गळ्याची शीर ताणते, मफलरच्या आत कुठेतरी हवा फुसफुसते, तेवढंच. मार्थाबाई काचेकडे बघतात. काचेपलीकडे नेहमी ध्वनिमुद्रण करणारे कर्मचारी बसायचे, तिथे आज रांगेनं माणसं निजली आहेत. कारखान्यातली, दवाखान्यातली, म्हातारी. प्रत्येकाच्या गालाखाली उशी, आणि सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. वाट बघताहेत.

“बोला ना हो,” मार्थाबाई कुजबुजतात. “दिवा लागलाय.”

शांतवनराव त्यांच्याकडे वळतात आणि बोट करतात.

“मी?”

ते मान हलवतात.

“मला कुठे येतंय? मी आयुष्यात कधी सांगितलीय का गोष्ट?”

ते उठतात. बाजेपाशी येतात आणि हातानं खूण करतात, सरक. त्या सरकतात, मग उठून उभ्या राहतात, आणि ते बाजेवर पडून डोळे मिटून घेतात, दिवसभर राबून आल्यासारखे. बसायला म्हणून मार्थाबाई खुर्चीकडे जातात, तर ती लोखंडी स्टूल झालेली आहे. बाजेला चाकं आहेत. भिंती पांढऱ्या, फिनेलचा वास, आणि काचेपलीकडची माणसं आता अलीकडेच आहेत, आजूबाजूच्या खाटांवर, सलाइन लावलेली.

हा तो वॉर्ड आहे. हे स्टूलही तेच. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्या याच स्टुलावर बसल्या होत्या. शांतवनरावांचा आवाज तेव्हा बसून बसून नुसता खरखरीत राहिला होता, तरी त्यांनी गोष्ट काढली होती. “आमच्या गावच्या विहिरीला खोकला झाला,” असं त्यांनी सुरू केलं, तर शेजारच्या खाटेवरचे म्हातारबाबा कुशीवर वळले होते, समोरच्या माणसानं कण्हणं थांबवलं होतं. सगळा वॉर्ड ऐकत होता. आणि गोष्ट ऐन रंगात आलेली असताना स्ट्रेचर घेऊन माणसं आली. “परत आल्यावर सांगतो,” शांतवनराव म्हणाले होते. ते परत आले. सांगितलं मात्र कधीच नाही.

आता ते डोळे मिटून पडले आहेत. सगळा वॉर्ड वाट बघतो आहे.

“आमच्या गावच्या विहिरीला,” मार्थाबाई म्हणतात आणि अडखळतात. तोंडाला कोरड पडली आहे. “विहिरीला खोकला झाला.”

शेजारच्या खाटेवरचे म्हातारबाबा कुशीवर वळतात.

“साधासुधा नाही. आतून उबळ येणारा. पहिल्यांदा खोकली, तर पाटलिणीच्या लग्नात पडलेली घागर बाहेर आली. दुसऱ्यांदा खोकली, तर चष्मा लावलेला एक बेडूक आला आणि आजचा पेपर आला का म्हणून विचारायला लागला.”

“हं.”

मार्थाबाईंचा हात तोंडाशी जातो.

ओठ मिटलेलेच आहेत शांतवनरावांचे. हं म्हणायला ओठ कुठे लागतात? नाकातून, छातीतून आलेलं, जरासं खर्जातलं, शेवटाला किंचित वर उचललेलं. हाच तो आवाज. हाच. त्यांना उठून बाजेवर जावंसं वाटतं, त्या छातीवर कान ठेवावासा वाटतो. पण ज्या बाईनं जन्मभर हुंकार दिला तिला एवढं नक्की ठाऊक आहे, की सांगणारा थांबला की हुंकारही थांबतो. थांबून चालणार नाही.

“मग,” त्या घाईघाईनं म्हणतात, “मग गावकरी जमले. कुणी म्हणालं, अडुळशाचा काढा द्या. पिंपभर काढा उकळला, रहाटाला बांधून खाली सोडला. विहीर म्हणाली, कडू आहे, मध घाला.”

“हं.”

“मध घातला. तरी खोकला थांबेना. मग शहरातून मोठा डॉक्टर आणला. त्यानं कठड्याला नळी लावली आणि म्हणाला, मोठा श्वास घ्या. विहिरीनं श्वास घेतला...”

इथेच स्ट्रेचर आलं होतं. इथून पुढे त्यांना ठाऊक नाही. खाट चालू लागते, चाकं वाजतात, मार्थाबाई स्टुलासकट तिच्या शेजारून चालल्या आहेत. लांबलचक बोळ आहे. दिवे डोक्यावरून मागे मागे जातात. त्या दुहेरी दाराच्या आत बायकोला सोडत नाहीत हे त्यांना माहीत आहे, आणि दार जवळ येतं आहे, म्हणून त्या भराभर बोलत सुटतात.

“श्वास घेतला, तर आजूबाजूचं सगळं आत ओढलं गेलं. डॉक्टरची टोपी गेली. ग्रामपंचायतीची पाटी गेली. कोंबडा आरवता आरवता गेला, तो अजून खालीच आरवतोय.”

“हं!” आता त्यात हसू आहे. जन्मात कधी न हसलेला माणूस.

दार येतं आणि उघडतं. पलीकडे ऑपरेशनची खोली नाही, उन्हातलं उघडं माळरान आहे. मधोमध दगडी कठड्याची विहीर. दोघं कठड्यावर बसली आहेत, पाय आत सोडून. शांतवनरावांच्या एकाच पायात चप्पल आहे. खाली खूप खोल, पाण्याजागी नुसता काळोख.

“मग डॉक्टर म्हणाला, हिचा आवाज काढावा लागेल. नाहीतर विहीर राहायची नाही.  कुणी कुणाकडे बघेना. तर विहीरच म्हणाली, काढा. एवढं तोंड पाडून बसू नका, म्हणाली.”

“हं.”

“काढला. टोपलीत घालून, वर फडकं झाकून नेला. कुठे नेला ते कुणी सांगितलं नाही.” मार्थाबाईंचा आवाज चिरकतो. “मी विचारलं होतं हो त्या नर्सला. म्हटलं, बाई, ते काढलेलं कुठे ठेवता तुम्ही? ती म्हणाली, आजी, असं विचारू नये.”

शांतवनराव त्यांच्याकडे बघत नाहीत. खाली विहिरीत बघत आहेत. त्यांचा हात मात्र सरकत येतो आणि मार्थाबाईंच्या हातावर बसतो. शाईची बोटं, कोरडी आणि गरम.

“सांगू पुढे?”

“हं.”

“मग विहिरीचा खोकला गेला, गावाला झोप लागायला लागली. पण विहिरीत बादली सोडली तर डुबुक होईना. पाणी यायचं, चांगलं थंडगार, पण आवाज नाही. घागरीत ओतलं तरी आवाज नाही. पोरं अंघोळीला बसली तर त्यांच्या अंगावरून मुक्यानंच ओघळायचं. लोकांना त्याची सवय झाली. सवय होतेच. एक बाई तेवढी रोज येऊन कठड्यावर बसायची.”

“हं?” प्रश्न आहे हा. कोण बाई?

“होती एक. तिला गावात दुसरं काही काम नव्हतं. तिचं काम विहिरीला हं म्हणायचं. आता कशाला म्हणणार?” मार्थाबाई डोळे पुसतात. “लेक म्हणायची, आई, चल, पाळकांकडे जाऊ, बायकांच्या सभेला ये, चार माणसांत बस. बाई जायची, बसायची. मागच्या बाकावर.”

उन्हं गेली आहेत. दोघं चर्चच्या मागच्या बाकावर बसली आहेत, पुढे सगळे बाक रिकामे. पंखे संथ फिरताहेत. विहीर कुठे गेली ते मार्थाबाई बघत नाहीत. जमिनीखाली कुठेतरी कोंबडा आरवतो, म्हणजे असेल खालीच. इथे हळू बोलायचं असतं म्हणून त्या हळू विचारतात.

“दुखतं का हो अजून?”

“अंहं.”

“खरं सांगा.”

“अंहं.” जरा चिडून. तोच तो नकार, घरी भाजीत मीठ कमी आहे का विचारलं की यायचा तो.

“श्वास नीट येतो?”

“हं.”

“झोप लागते तिथे?”

 शांतवनराव हात उलटासुलटा करून दाखवतात. लागते, नाही लागत.

“मग रात्री काय करता? गोष्टी सांगता?”

 पंखा फिरतो.

“तिथे तर केवढी माणसं असतील ऐकायला. ते रातपाळीवाले बरेचसे आलेच असतील की आता. सांगत नाही त्यांना?”

“अंहं.”

“का हो?”

ते मार्थाबाईंकडे बघतात.  आणि मार्थाबाईंना कळतं. तिथे शेजारी बाज नाही. तिथे दिवसभर राबून आडवं झालेलं, गोष्टीला कंटाळलेलं आणि तरी जागं राहिलेलं असं कुणी नाही.

“कुणी हं म्हणणारं नाही होय तिथे?” त्या विचारतात.

“अंहं.”

मार्थाबाईंना रडू कोसळतं. त्या पदर तोंडात कोंबतात, कारण लाल दिवा अजून चालू आहे, प्रभूच्या वेदीवरच लागला आहे तो. त्यांना म्हणायचं आहे, मी येते. आत्ता येते तुमच्याबरोबर, बाज घेऊन. पण घसा पार सुकला आहे. एवढं त्या कधी बोललेल्या नाहीत. शब्द फुटत नाही, नुसती हवा येते. घाबरून त्या गळ्याला हात लावतात.

शांतवनराव खिशात हात घालतात आणि ज्येष्ठमधाची काडी काढतात. रेकॉर्डिंगच्या दिवशी दाढेत धरायचे तसली. ती मधोमध मोडतात, अर्धी स्वतःच्या खिशात ठेवतात आणि अर्धी पुढे करतात. मार्थाबाई आ करतात, लहान मुलीसारख्या. ते काडी त्यांच्या दातांत ठेवतात. त्या चावतात. आधी मातकट लागते, लाकडासारखी, आणि मग सावकाश, जिभेच्या मागून, ती गोडी पाझरायला लागते.

शांतवनराव मफलर काढून बाकावर ठेवतात. खाली साधा, सपाट गळा आहे. काहीच झालेलं नाही त्याला. ते मार्थाबाईंच्या कानाशी वाकतात आणि तोंड उघडून, स्पष्ट, सबंध आवाजात विचारतात,

“मग? मग पुढे काय झालं?”

मार्थाबाई काडी गालात सरकवतात. पुढे त्यांना माहीत आहे. त्यांना एकदम सगळं माहीत झालं आहे, ती बाई काय करते, विहिरीचं काय होतं. त्या सांगायला तोंड उघडतात.

“आई. अगं आई, पाच वाजले.”

कूलर घरघरतो आहे. रिबेका खाटेशी उभी आहे, हातात कपबशी. खिडकीतून उन्हाची तिरीप येऊन भिंतीवर पडली आहे. मार्थाबाई हलत नाहीत. डोळे पुन्हा घट्ट मिटून घेतात. मग? मग पुढे काय झालं? त्या मनात म्हणून बघतात, आणि तो आवाज तिथे आहे, खर्जातला, जरा खरबरीत, ‘पुढे’तल्या ‘ढ’वर जोर देणारा. त्या आणखी एकदा म्हणतात. अजून आहे, जरा लांबून. तिसऱ्यांदा म्हणतात तेव्हा तो त्यांचा स्वतःचाच आवाज असतो.

गोष्टीत पुढे काय होणार होतं, तेही गेलं आहे.

“किती घामाघूम झालीस गं,” रिबेका म्हणते. “झोपेत काहीतरी बडबडत होतीस. मी दोनदा येऊन गेले, पण उठवलं नाही. म्हटलं, कधी नव्हे ती बोलतेय, बोलू दे. घे, चहा घे.”

मार्थाबाई उठून बसतात. कपाला हात लावतात आणि थांबतात. तोंडात काहीतरी आहे. जीभ फिरवतात. वरच्या दाढेच्या फटीत एक धागा अडकला आहे, आणि सगळं तोंड गोड आहे, घशापर्यंत. त्या दोन बोटांनी तो धागा ओढून काढतात. पिवळा, चावून चावून मऊ झालेला, बोटाच्या पेराएवढा.

रिबेका वाकून बघते. “काय अडकलंय? भाजीतलं काही?” ती धागा नाकाशी नेते, आणि तिचा चेहरा बदलतो. “आई, हा ज्येष्ठमध आहे.” ती खोलीभर नजर फिरवते, उशीखाली, खिडकीत, कुठेतरी पुडी असेल अशी. “आपल्या घरात कुठे आहे ज्येष्ठमध? कुणी दिला तुला?”

मार्थाबाई तिच्या हातातून धागा परत घेतात आणि पुन्हा तोंडात ठेवतात. ओठ मिटून घेतात.

“आई?”

त्या मान हलवतात. चहाची कपबशी हातानं हलकेच बाजूला सारतात. चहा घेतला तर गोडी धुऊन जाईल. बोललं तरी जाईल. आताच ती जिभेच्या टोकावरून गेली आहे, मागच्या बाजूला थोडी उरली आहे.

रिबेकाला काही समजत नाही, पण ती पुढे विचारत नाही. खाटेच्या कडेला आईला लागून बसते. चहावर साय धरते. मार्थाबाई तोंड मिटून, लाळसुद्धा न गिळता, गोडी संपेपर्यंत तशाच बसून राहतात.